उर्वरित आयुर्मानाची पाहणी सेवा: फाइल जाड, कामाचे रकाने चार

स्थानिक संस्थांच्या मालमत्तांची पाहणी करून प्रत्येकीचं उर्वरित आयुर्मान काढून देणाऱ्या सेवा आता ठरलेल्या साच्यात येतात. एक भलीमोठी एक्सेल फाइल, फोटोंचं फोल्डर, नकाशाचा थर आणि एक अहवाल. अहवालाची निम्मी पानं पद्धतीच्या वर्णनात खर्ची पडलेली असतात. लेखा विभागाला घसाऱ्यासाठी (मालमत्तेची किंमत दरवर्षी थोडी थोडी खर्ची टाकण्यासाठी) आकडा हवा असतो, अभियंत्यांना मालमत्ता बदलण्याचं वर्ष हवं असतं. सेवा दोघांनाही एकच रकाना दाखवते आणि मोकळी होते. हे परीक्षण कुठल्या एका कंपनीचं नाही. या प्रकारच्या सेवेत घेण्यासारखं काय आहे आणि हाती आलेला माल तपासायचा कसा, एवढंच इथे पाहू.

मत आधीच सांगतो. मालमत्तांची नोंदवही दुरुस्त करून घ्यायला ही सेवा चांगली. प्रत्यक्ष चाचण्या केल्या असतील तर उत्तम. पण नुसत्या नजरेनं १ (उत्तम) ते ५ (सगळ्यात खराब) अशी श्रेणी देऊन काढलेलं उर्वरित आयुर्मान विकत घेण्याच्या लायकीचं नाही. तेवढं तर कार्यालयात बसून, प्रत्येक प्रकाराला ठरावीक आयुर्मान देणाऱ्या छापील तक्त्यावरूनही निघतं.

दहा मिनिटांची पहिली तपासणी

फाइल आली की तिच्यात एक नवा रकाना घाला: आजचं वय अधिक उर्वरित आयुर्मान. मग मालमत्तेच्या प्रकारानुसार फिल्टर लावा. सगळ्या पंपांची बेरीज १५ आणि सगळ्या टाक्यांची ५० येत असेल, तर पाहणीचा आकड्याशी काही संबंध नाही. छापील आयुर्मानातून वय वजा केलेलं आहे आणि फोटो शोभेला आहेत.

थोडी हुशार सेवा श्रेणीनुसार टक्केवारी लावते. ती पकडायला दुसरा रकाना करा: उर्वरित आयुर्मान भागिले तक्त्यातलं आयुर्मान. हजारो ओळींत फक्त पाचच वेगवेगळी उत्तरं निघाली, तर श्रेणी ३ म्हणजे निम्मं आयुष्य शिल्लक असा सरळ हिशेब झालाय. बहुतेक मालमत्ता अशा सरळ रेषेत खराब होत नाहीत. रस्ता बरीच वर्षं चांगला दिसतो आणि पाणी आत शिरायला लागलं की दोन-तीन वर्षांत बसतो. श्रेणी २ वरून ३ वर यायला लागणारा काळ आणि ४ वरून ५ वर जायला लागणारा काळ एकच धरणं हीच चूक.

तिसरी खूण बसवल्याच्या वर्षात सापडते. किती ओळींत एकच वर्ष आहे ते मोजा. जुन्या जलवाहिन्यांचं खरं वर्ष माहीत नसेल तर नोंदवही सुरू झाल्याचं वर्ष टाकण्याची सवय सगळीकडे असते. त्यामुळे जमिनीखालची अर्धी मालमत्ता कागदावर एकाच दिवशी जन्मते आणि पुढे एकाच वर्षी मरते. बदलीच्या खर्चाच्या आलेखात एखाद्याच वर्षी अंगावर येणारा सुळका दिसला, तर तो बहुधा इथून आलेला असतो. वर्ष अंदाजे असेल तर ते अंदाजे असल्याची खूण त्या ओळीत हवी. पाइपाचा प्रकार, जोडाची पद्धत आणि त्या भागातल्या बांधकामांचं वय यांवरून बऱ्याचदा दशक तरी नक्की सांगता येतं.

तक्ते टाकाऊ आहेत असं नाही. काहीच माहिती नसताना पहिला अंदाज म्हणून ते ठीक आहेत. त्यांना पाहणीचा भाव देऊ नये, इतकंच.

संपणार कशामुळे?

उपयुक्त आयुर्मान म्हणजे वस्तू मोडेपर्यंतचा काळ नव्हे. आंतरराष्ट्रीय सार्वजनिक क्षेत्र लेखा मानकांत (आधी इप्सास १७, आता २०२५ पासून लागू झालेलं इप्सास ४५) व्याख्या अशी की ती मालमत्ता त्या संस्थेच्या वापरासाठी किती काळ उपलब्ध राहील अशी अपेक्षा आहे, किंवा तिच्यातून किती उत्पादन मिळेल. झीज हे एक कारण झालं. वापराचं प्रमाण, तंत्र जुनं होणं आणि कायद्याची बंधनंही तिथे मोजायची असतात.

ही व्याख्या गांभीर्यानं घेतली तर प्रत्येक ओळीत ‘संपण्याचं कारण’ असा रकाना लागतो. बहुतेक फाइलींत तो नसतो. पंपाची बॉडी २५ वर्षं टिकेल, पण कंट्रोल पॅनेलचे सुटे भाग त्याच्या कितीतरी आधी मिळेनासे होतात. जलवाहिनी धडधाकट असते, पण वस्ती वाढल्यामुळे तिचा व्यास पुरत नाही. इमारतीचा सांगाडा भक्कम असतो, पण जिन्याची रुंदी नव्या अग्निसुरक्षा नियमात बसत नाही. पाहणीला येणारा माणूस टॉर्च मारून गंज बघतो. ही तिन्ही कारणं टॉर्चमध्ये दिसत नाहीत. ती चालवणाऱ्या ऑपरेटरला, नियोजनाच्या नकाशाला आणि खरेदी विभागाला विचारून मिळतात. सेवेच्या कामात या तिघांच्या मुलाखती आहेत का, हे आधीच बघा.

घटक सुटे केले आहेत का?

मोठ्या मालमत्तेचे मोठे घटक वेगळे धरून त्यांचा वेगवेगळा घसारा काढावा, हे लेखा मानकांतही आहे आणि व्यवहारातही त्यावाचून चालत नाही. रस्त्याचंच घ्या. एकूण किंमत १०० धरू: मातीकाम २५, खडीचे थर ४५, वरचा डांबरी थर ३०. सगळ्याला मिळून ३० वर्षं लावली तर दरवर्षी घसारा ३.३३. सुटं केलं तर डांबरी थराला १२ वर्षं धरून २.५, खडीला ४५ वर्षं धरून १, आणि मातीकामाला घसारा नाही. एकूण ३.५. फरक किरकोळ वाटतो ना? गंमत बाराव्या वर्षी होते. डांबर खरवडून नवं टाकलं आणि नवे ३० पुस्तकात चढले. एकत्र धरलेल्या रस्त्यात जुन्या थराचे ३० पैकी १८ अजून तसेच शिल्लक आहेत, म्हणजे जो थर डंपरमध्ये भरून गेला त्याचा घसारा पुढची १८ वर्षं चालू राहणार. सुट्या हिशेबात तो थर बाराव्या वर्षी शून्यावर आलेला असतो.

अतिरेकही नको. काही सेवा कामाचा आकार मोठा दिसावा म्हणून इमारतीचे ऐंशी घटक पाडतात आणि दरवाजांच्या बिजागऱ्यांनाही आयुर्मान लावतात. आमचा निकष सोपा आहे: जो घटक वेगळ्या वेळी, वेगळ्या कामाच्या आदेशानं बदलला जातो आणि ज्याची किंमत एकूण किमतीत जाणवण्याइतकी आहे, तो सुटा करावा. इमारतीला सांगाडा, छपराचं वॉटरप्रूफिंग, लिफ्ट, वीजजोडणी, नळकाम आणि वातानुकूलन एवढं सहसा पुरतं.

जिथे पैसे वसूल होतात

नमुना काढून चाचणी करणं हा या सेवेचा सगळ्यात मोलाचा भाग. निविदेत खर्च कमी करायचा झाला की कात्री नेमकी इथेच लागते.

फिनॉल्फ्थॅलिनचं १ टक्का द्रावण, एक छिन्नी आणि फूटपट्टी. एवढ्यावर काँक्रीटच्या आयुष्याबद्दल शंभर फोटोंपेक्षा जास्त कळतं. काँक्रीटचा ताजा तुकडा फोडून धूळ झटकायची आणि द्रावण फवारायचं. सळईला गंजण्यापासून वाचवणारी क्षारता शिल्लक असेल तिथे गडद गुलाबी रंग येतो. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं जिथे क्षारता संपवली आहे (यालाच कार्बोनेशन म्हणतात) तिथला पट्टा रंगहीन राहतो. या पट्ट्याची खोली साधारण वयाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. समजा १६ वर्षांच्या टाकीत खोली १२ मिमी भरली. १६ चं वर्गमूळ ४, म्हणून दर ३. सळईवरचं कव्हर, म्हणजे काँक्रीटच्या थराची जाडी, ३० मिमी असेल तर ३० भागिले ३ म्हणजे १०, त्याचा वर्ग १००. सळईपर्यंत पोचायला अजून ८४ वर्षं. त्याच टाकीत एका बाजूला कव्हर २० मिमीच निघालं तर तेच गणित ४४ वर्षांवर येतं आणि हाती उरतात २८. म्हणून कव्हरमीटरनं कव्हर मोजल्याशिवाय केलेली कार्बोनेशनची चाचणी अर्धवट. कव्हर सरासरी किती, यापेक्षा सगळ्यात कमी कुठे आहे ते महत्त्वाचं. आणि क्लोराइड आत शिरलेलं असेल, खाऱ्या हवेमुळे किंवा खाऱ्या पाण्यामुळे, तर हे गणित बाजूला ठेवून क्लोराइडची वेगळी चाचणी करावी लागते. गुलाबी काँक्रीटच्या आतही सळई गंजू शकते.

तीच बाटली अ‍ॅसबेस्टॉस सिमेंटच्या जलवाहिनीला चालते. पाण्यात चुना विरघळत जातो आणि भिंत आतून-बाहेरून मऊ होते, पण जाडी तेवढीच दिसते. दुरुस्तीच्या वेळी निघालेला तुकडा ओला ठेवून, तंतू उडणार नाहीत अशी काळजी घेऊन कापायचा आणि फवारायचा. मूळ १५ मिमी भिंतीत आतून ३ आणि बाहेरून २ मिमी रंगहीन असेल तर धड भिंत १० मिमी. वय ३० वर्षं असेल तर झीज दर ६ वर्षांना १ मिमी. त्या वाहिनीच्या दाबाला, वॉटर हॅमर (पाणी अचानक अडल्यावर बसणारा दाबाचा धक्का) धरून, ७ मिमी लागत असतील तर शिल्लक ३ मिमी म्हणजे १८ वर्षं. एका तुकड्यावरून सगळ्या शहराचा निष्कर्ष काढू नये हे खरंच. पण दुरुस्तीच्या पथकानं प्रत्येक फुटीचा एक तुकडा चिठ्ठी लावून ठेवला, तर वर्षभरात फुकटात चांगला संच जमतो. ही सवय लावून देणारी सेवा आम्हाला आवडते.

कास्ट आयर्नचा पाइप याहून फसवा. त्यातलं लोह निघून जातं आणि ग्रॅफाइटचा सांगाडा मूळ आकारात उभा राहतो. वरून पाइप अखंड, हातोडीनं टोचलं तर पेन्सिलीच्या शिशासारखा मऊ. नमुना ग्रिट ब्लास्टिंगनं (कठीण कणांचा मारा करून) साफ करूनच खड्ड्यांची खोली मोजावी. न साफ करता कॅलिपर लावलेले आकडे आले तर परत पाठवा.

ड्रेनेजमध्ये कॅमेरा सोडण्याचं काम बऱ्याच सेवा नीट करतात, घोळ होतो तो श्रेणी देताना. दोष दोन जातींचे असतात. तडा, सरकलेला जोड, खाल्लेली भिंत हे बांधणीचे दोष. गाळ, चरबी, आत आलेली मुळं हे वहनाचे दोष, जे साफसफाईनं जातात. दोन्ही एकत्र करून एकच श्रेणी दिली की गाळानं भरलेला धडधाकट पाइप श्रेणी ५ मध्ये जातो आणि बदलीच्या यादीत वर येतो. दोन वेगळ्या श्रेण्या मागा, आयुर्मान फक्त बांधणीच्या श्रेणीवरून काढायला सांगा. शिवाय पाण्याच्या पातळीखालचं कॅमेऱ्याला दिसत नाही आणि भिंतीची जाडीही कळत नाही. काँक्रीटच्या ड्रेनेजमध्ये हायड्रोजन सल्फाइडपासून जिवाणू सल्फ्युरिक आम्ल तयार करतात आणि ते वरच्या कमानीला खातं. तिथे खडी उघडी दिसायला लागली असेल तर कोअर (भिंतीतून कापलेला गोल नमुना) काढूनच पुढचं बोलावं.

रस्त्यांची पाहणी या सगळ्यात पुढारलेली. ० ते १०० चा पेव्हमेंट कंडिशन इंडेक्स (रस्त्याच्या स्थितीचा निर्देशांक), त्याचं एएसटीएम डी६४३३ हे मानक आणि समान रस्त्यांचा गट करून काढलेली घसरणीची वक्ररेषा, हे सगळं प्रस्थापित आहे. त्यातली मेख एवढीच की हा निर्देशांक पृष्ठभागाचा आहे. खालच्या थरांची ताकद कळायला फॉलिंग वेट डिफ्लेक्टोमीटर (वजन टाकून रस्ता किती दबतो ते मोजणारं यंत्र) लागतो. आणि वाहतुकीचा भार धरलाय का ते बघा. १९५८ ते १९६० दरम्यान अमेरिकेत इलिनॉयमधल्या ऑटावाजवळ झालेल्या आशो रोड टेस्ट या मोठ्या रस्ता-चाचणीवरून निघालेला ढोबळ नियम असा की नुकसान अ‍ॅक्सलच्या भाराच्या चौथ्या घातानं वाढतं. भार दुप्पट तर नुकसान १६ पट. २० टक्के जादा भारानंसुद्धा नुकसान दुपटीवर जातं. ज्या रस्त्यानं भरलेल्या कचरागाड्या रोज डेपोकडे जातात त्याला आणि शेजारच्या गल्लीला एकच आयुर्मान लावलेलं असेल तर पाहणी कार्यालयात बसून झालेली आहे.

स्वतःच्या भंगाराची आकडेवारी

चांगली सेवा जुन्या निर्लेखनाच्या, म्हणजे वस्तू भंगारात काढल्याच्या, नोंदी मागते. वाईट सेवा त्या मागून त्यांची सरासरी काढते. समजा ४० पंपांपैकी १२ भंगारात गेले, सरासरी वय ९ वर्षं. उरलेले २८ अजून चालू आहेत, सरासरी वय ११. इथे आयुर्मान ९ लिहिणं म्हणजे जे चालू आहेत त्यांना हिशेबातूनच काढून टाकणं. योग्य पद्धत १९५८ पासून कॅप्लान-मायर नावानं ओळखली जाते आणि एक्सेलमध्ये जमते. प्रत्येक वयाला त्या क्षणी चालू असलेले किती आणि त्यातले किती गेले, एवढंच बघायचं. आठव्या वर्षी ३० चालू होते, ३ गेले: टिकण्याचं प्रमाण ०.९. दहाव्या वर्षी त्या वयाला पोचलेले १८ होते, ३ गेले: ०.८३. गुणाकार ०.७५. हा आकडा ०.५ वर येतो ते वय म्हणजे मध्यम आयुर्मान. नोंदी कमी असतील तर तयार वक्ररेषा बसवून बघतात. रॉबली विन्फ्रे यांनी १९३५ मध्ये आयोवातून प्रसिद्ध केलेल्या १८ वक्ररेषा आजही वापरात आहेत.

एक सावधगिरी: भंगारात काढण्याचं कारण नोंदवलेलं नसेल तर ही सगळी आकडेमोड फसते. अपघातात गेलेली गाडी आणि झिजून गेलेली गाडी एकाच रांगेत बसतात.

बाकीचं थोडक्यात

कचऱ्याच्या कॉम्पॅक्टर गाडीचं आयुर्मान किलोमीटरमध्ये देणारी फाइल स्वीकारू नका. गाडी उभी असताना हायड्रॉलिक पंप इंजिनावरच चालतो, म्हणून इंजिनाचे तास हवेत. अग्निशमन बंबालाही तेच, शिवाय पंपाचे तास वेगळे.

एलईडी पथदिव्यांना १ लाख तास लिहिलेलं हमखास दिसतं. एलएम-८० (एलईडीचा प्रकाश किती मंदावतो ते मोजणारी) चाचणी ६,००० तासांची असेल तर टीएम-२१ (त्यावरून पुढचा अंदाज काढण्याची पद्धत) प्रमाणे जास्तीत जास्त सहापट, म्हणजे ३६,००० तासांपर्यंतच अंदाज पुढे नेता येतो. रोज ११ तासांनी वर्षाला ४,०१५ तास होतात, म्हणजे सुमारे ९ वर्षं. आणि हे झालं नुसत्या एलईडीचं. ड्रायव्हरमधला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर तापमान १० अंशांनी वाढलं की साधारण निम्मंच आयुष्य देतो आणि बहुधा तोच आधी जातो. दिवा आणि ड्रायव्हर दोन ओळींत मागा.

कचराभूमीचं आयुष्य वर्षांत नसतंच, घनमीटरमध्ये असतं. जागा २,४०,००० घनमीटर शिल्लक, १५ टक्के मातीच्या थराला, उरले २,०४,०००. रोज ६० टन म्हणजे वर्षाला २१,९०० टन. घनमीटरला ०.८ टन दाबलं तर ७.५ वर्षं, ०.६ च दाबलं तर ५.६. कॉम्पॅक्टर यंत्र किती फेऱ्या मारतं यावर जवळपास दोन वर्षं अवलंबून आहेत. सेवेनं घनता मोजली की गृहीत धरली, हे विचारा.

काम देताना आणि घेताना

मागायचे चार रकाने: घटक, संपण्याचं कारण, पुरावा (तक्ता, नजर, मोजमाप की प्रयोगशाळा) आणि खात्रीची श्रेणी अ ते ड. उर्वरित आयुर्मान हा त्यांच्यानंतरचा पाचवा. एकच वर्ष न देता कमीत कमी आणि जास्तीत जास्त अशी पट्टी मागा. अभियंत्यांना नियोजनाला पट्टी लागते, लेखा विभाग तिच्यातला एक आकडा कारणासह निवडतो.

५ टक्के मालमत्ता दुसऱ्या माणसाकडून, पहिल्याची श्रेणी न दाखवता, पुन्हा तपासून घ्या. दोघांत एकापेक्षा जास्त श्रेणीचा फरक दहातल्या एका ठिकाणापेक्षा अधिक वेळा निघाला तर तो गट पूर्ण परत करा. ही अट करारात नसेल तर नंतर भांडून उपयोग होत नाही.

मानकांनुसार आयुर्मानाचा फेरविचार दरवर्षी व्हायचा असतो आणि बदल पुढच्या वर्षांनाच लागू होतो. किंमत १००, आयुर्मान १० वर्षं, सातव्या वर्षाअखेर पुस्तकात ३० उरले आणि पाहणीत अजून ६ वर्षं निघाली, तर यापुढे घसारा १० ऐवजी ५. मागची वर्षं उघडायची नाहीत. म्हणून दर वर्षी आकडे बदलता येतील अशी फाइल हवी: सूत्रं जिवंत, गृहीतकं वेगळ्या पानावर, प्रत्येक मालमत्तेला न बदलणारा क्रमांक. नुसते आकडे पेस्ट केलेली किंवा पीडीएफ केलेली फाइल आली तर शेवटचा हप्ता थांबवा. शून्य पुस्तकी किंमत असूनही रोज वापरात असलेल्या मालमत्तांची यादी त्याच फाइलमधून काढून बघा. ज्या प्रकाराची यादी सगळ्यात लांब, त्याचं आयुर्मान आजवर कमी धरलं गेलंय. पुढच्या वर्षीचा फेरविचार तिथूनच सुरू करायचा.